गाडीचं तोंड

दोन हजार सहाच्या नोव्हेंबरातली गोष्ट. राळेगावहून रिकामा बारदाना उचलायचा आणि दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगवर नेऊन टाकायचा, एवढंच काम होतं. पोत्यांचे गठ्ठे पिकअपच्या हौद्यात दोन्ही बाजूंना टपाच्या उंचीपर्यंत रचले होते. मधे एक चिंचोळी फट राहिली होती. तिच्यातून केबिनच्या मागच्या काचेत थोडंसं आभाळ आणि मागं जोडलेली ट्रॉली दिसायची.

ट्रॉली मी स्वतः वेल्डिंग करून बनवलेली. मी अश्वजित, राहणार दारव्हा. आठ वर्षं जिनिंगमध्ये फिटर होतो; ती बंद पडली तेव्हा ही पिकअप घेतली. बंद पडलेल्या, ठोकलेल्या मोटारसायकली इकडून तिकडे न्यायचं काम अधूनमधून मिळायचं, म्हणून ट्रॉलीच्या मधोमध लोखंडी पन्हळ बसवली होती. मोटारसायकलचं पुढचं चाक त्या पन्हळीत उतरलं की हँडल फिरायला जागाच उरत नाही. वर चार दोऱ्या. दोन हँडलच्या दोन्ही टोकांना, दोन मागच्या बाजूला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक पहिली शंका दोरीवर घेतात. मी ती त्यांच्या आधी घेतलेली आहे.

ट्रॉली मोकळीच जाणार होती. बारदान्याच्या व्यापाऱ्याच्या दिवाणजीनं विचारलं, पोलीस ठाण्यातून एक मोटारसायकल सुटली आहे, दिग्रसजवळच्या एका तांड्यावर न्यायची आहे, नेता का? मी हो म्हटलं.

ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली साठी उलटलेला एक उंच म्हातारा उभा होता. पांढरं धोतर, डोक्याला लाल पागोटं. त्याचं नाव रूपसिंग राठोड. शेजारी त्याची सून बबिता, तिशीच्या आतली, हातात किल्ली घट्ट धरून. गाडी काळी, शंभर सीसीची. अडीच महिने झाडाखाली उभी राहून सीटवर पाखरांची घाण साचली होती. टाकीवर सेवालाल महाराजांचा फोटो चिकटवलेला. मागच्या बाजूला बियाण्याच्या एका कंपनीची रेक्झिनची बॅग अजून लटकत होती.

"चालू होत नाही का?" मी विचारलं.

"चालू होते," बबिता म्हणाली. "चालवाले कोणी तयार नाही."

"कोनाची हाये?"

"माह्या पोराची. बादलची," म्हातारा म्हणाला. मग जमिनीकडं पाहून, "पळून गेला तो."

"पळून गेले, असं तुम्ही म्हंता बाबा."

तो तिला त्यांच्या बंजारा गोरबोलीत काहीतरी तुटक बोलला. किल्ली तिनं सोडली नाही.

फळीवरून आम्ही गाडी वर चढवली. चाक पन्हळीत बसवलं, चारही दोऱ्या आवळल्या, हँडल धरून जोरानं हलवून पाहिलं. अख्खी ट्रॉली हलली, गाडी हलली नाही. सकाळचे दहा वाजले होते. केबिनमध्ये मधे रूपसिंगबाबा बसले, खिडकीशी बबिता.

कळंबच्या रस्त्याला लागलो तेव्हा ती आपणहून बोलायला लागली. तिचा नवरा दोन वर्षं त्या कंपनीचं बियाणं घेऊन गावोगाव फिरायचा. बोलायला गोड. लोक त्याच्या शब्दावर पेरायचे. यंदा लाल्या आला. पानं लाल पडली, बोंडं धरलीच नाहीत. मग तो पुन्हा त्याच गावांना जायला लागला, त्याच घरांत.

"कायले?" मी विचारलं.

"नुसता बसाले. कोणी शिव्या देल्ल्या, कोणी च्या देल्ला. ज्या ज्या घरी बियाणं देल्लं होतं त्या सगळ्या घरी जाऊन बसले. पोळा झाला, तिसऱ्या दिवशी सकाळी निंगाले. राळेगावकडची चार घरं राह्यली, म्हणे."

अकराव्या दिवशी मोटारसायकल सापडली. राळेगावच्या पुढं, एका वावराच्या धुऱ्याशी, बांधाला लागून, मोठ्या स्टँडवर नीट उभी, किल्ली लावलेली. पोलिसांनी आजूबाजूच्या विहिरी पाहिल्या, नाले पाहिले, चारही घरी विचारलं. चारही घरी तो येऊन बसून गेला होता. पुढं काही नाही.

"मले एकदा इचारायचं हाये त्यायले," बबिता म्हणाली. "काहून गेले, एवढंच."

रूपसिंगबाबांनी डोळे मिटून घेतले होते. झोपले नव्हते.

कळंबला चहासाठी थांबलो तेव्हा सवयीनं मागं जाऊन दोऱ्या पाहिल्या. हँडल डावीकडं वळलेलं होतं. डाव्या बाजूची दोरी लोंबत होती आणि उजवीकडची तारेसारखी ताणलेली. चाकानं पन्हळीची एक कड दाबून बाहेर वाकवली होती. मला माझ्याच वेल्डिंगचा राग आला. लोखंडी टॉमी घालून कड सरळ केली, हँडल सरळ केलं, दोरीला जास्तीचा पीळ दिला.

यवतमाळच्या अलीकडं रस्ता टेकड्यांतून वळणं घेतो. मागच्या काचेत, पोत्यांच्या फटीतून मोटारसायकलचा गोल दिवा दिसत होता. मी आरशातून अधूनमधून त्याच्यावर नजर टाकत होतो. दिवा पुन्हा डावीकडं वळला होता. एका वळणावर पिकअप उजवीकडं गेली तसा तो आणखी डावीकडं गेला. पुढचं वळण डावं आलं, तेव्हा तो सावकाश सरळ झाला. पुन्हा उजवं वळण, पुन्हा दिवा डावीकडं. आम्ही कसेही वळलो तरी तो एकाच बाजूला पाहत होता. होकायंत्राची सुई पाहते तसा. खाली दक्षिणेला, कापसाच्या वावरांकडं.

लोखंडाला ओढ लागते ती चुंबकाची, एवढं मला ठाऊक होतं, आणि त्या टेकड्यांत कसले दगड असतील ते मला ठाऊक नव्हतं. तेवढ्यावर मी स्वतःची समजूत काढली.

यवतमाळ मागं पडलं, दारव्ह्याचा रस्ता लागला तेव्हा दुपारचं ऊन चढलं होतं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, जिथं फुटला होता तिथं. बाकी लाल पानांचे पट्टे. रस्ता आता बऱ्यापैकी सरळ होता. दिवा डावीकडं, थोडा पुढच्या अंगाला रोखलेला होता आणि तसाच राहिला. मला अस्वस्थ वाटायला लागलं ते इथं. दूर शेतात पाण्याची टाकी असेल, तर ती आधी पुढं डावीकडं दिसते, मग बाजूला येते, मग मागं पडते. कोणतीही जागेवर उभी असलेली वस्तू मागं पडतेच. दिवा ज्याकडं पाहत होता ते मागं पडत नव्हतं. दहा किलोमीटर झाले, पंधरा झाले. ते आमच्या पुढंच होतं, डावीकडच्या वावरांतून, आमच्याच वेगानं.

मी वेग कमी केला. पस्तीसवरून वीसवर आणला.

दिवा हळूहळू पुढं सरकला. म्हणजे ते पुढं गेलं.

मग थोड्या वेळानं दिवा पहिल्या जागी परत आला. त्यानंही वेग कमी केला होता.

"काहून हळू करून राह्यले?" रूपसिंगबाबांनी विचारलं.

"गाडी तापली."

त्यांनी काट्याकडं पाहिलं. काटा मधे होता. मग त्यांनी डावीकडच्या खिडकीकडं पाठ केली.

लाडखेडच्या पुढं एका वावरात दहाबारा बाया कापूस वेचत होत्या. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. मी पाहत होतो म्हणून मला दिसलं. ओळीच्या टोकाची बाई वाकलेली होती ती उभी झाली, ओटी सावरली आणि एक पाऊल मागं सरली. कुणाला वाट द्यावी तशी. मग तिच्या पुढची सरली. मग तिच्या पुढची. तिघींपैकी कोणीही मान वर करून पाहिलं नाही. ज्या पट्ट्यातून त्या सरल्या तिथं झाडं हलली नव्हती.

"थांबवा, भाऊ," बबिता म्हणाली.

तिनंही पाहिलं होतं.

"नाही, नाही. चाल," म्हातारा म्हणाला. "बाबू, थांबू नको. हात जोडतो."

"थांबवा!"

मी गाडी बाजूला घेतली. इंजिन चालूच ठेवलं. तिघेही आरशात पाहत होतो. पोत्यांच्या फटीत दिवा डावीकडं होता. तो हळूहळू फिरायला लागला. लोखंडी पन्हळ करकरली, इंजिनाच्या आवाजातूनही मला ते ऐकू आलं. दिवा अर्धा वळला. मग आणखी. मग सरळ झाला आणि काचेतून नेमका आमच्याकडं पाहत थांबला.

पिकअपचा मागचा भाग एकदा किंचित दबला.

"आता नीट हाये," बबिता हलक्या आवाजात म्हणाली.

मी उतरून मागं गेलो. न पाहता पुढं जाणं मला जमलं नसतं. चारही दोऱ्या ताठ होत्या. हँडल सरळ. रस्त्यावर, वावरात कोणी नव्हतं. वेचणाऱ्या बाया पुन्हा वाकून कामाला लागल्या होत्या. डावीकडच्या वरच्या गठ्ठ्यावर मात्र एक खळगा पडला होता. रुंद, उथळ, बसल्याचा असतो तसा. बारदाना रचताना हमाल त्यावर बसले असतील, असं मी मनाशी म्हणालो. पण राळेगावहून निघताना वरचा दोर मीच आवळला होता, आणि तेव्हा गठ्ठा सपाट होता.

मी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. दिवा सरळ राहिला तो शेवटपर्यंत. दारव्ह्यात माझ्या स्वतःच्या घरावरून गेलो तेव्हा बायको दीपमाला दारात उभी होती. तिनं हात केला, मला उलट हात करायचं सुचलं नाही.

तांडा दिग्रसच्या अलीकडं, रस्त्यापासून आत. रूपसिंगबाबांचं घर टोकाला, पुढं शेणानं सारवलेलं मोठं अंगण. मोटारसायकल उतरवली, बबितानं ती अंगणाच्या मधोमध मोठ्या स्टँडवर लावली. सीट पदरानं पुसली. मग ती गाडीकडं पाहायचं सोडून माझ्या पिकअपकडं पाहत राहिली. वरच्या पोत्यांकडं.

"बसा जी, पाणी घ्या," ती म्हणाली.

"जिनिंग बंद होईल. जातो."

"थोडं थांबा, भाऊ. कोणी उतरत असंन तर उतरू द्या."

रूपसिंगबाबा ताडकन उठून घरात गेले. मी काय करणार होतो? दोन मिनिटं उभा राहिलो. अंगणात कोंबड्या होत्या, त्या पिकअपपासून लांब दुसऱ्या टोकाला गोळा झाल्या होत्या. मग मी गाडी वळवली. वळवताना आरशात पाहिलं. मोटारसायकलचं हँडल माझ्या गाडीबरोबर सावकाश फिरत होतं. ते डावीकडं पूर्ण टेकलं तरी मी पुढंच जात होतो.

जिनिंगवर हमालांनी बारदाना उतरवला. त्यांच्यातल्या बाबुलाल नावाच्या हमालानं वरच्या गठ्ठ्याला हात घातला आणि मागं घेतला. "यावर कोण बसलं होतं? गरम हाये," तो म्हणाला. ऊन तर दिवसभर होतंच. मी तसं त्याला सांगितलंही. तो शेजारच्या गठ्ठ्यावर तळहात ठेवून पाहत होता.

चौथ्या दिवशी बबिताचा फोन आला. घरात फोन होता, बादलनं धंद्यासाठी घेतलेला. पिकअपच्या दारावर माझा नंबर रंगवलेला आहे, तो तिनं लिहून घेतला होता.

"भाऊ, गाडीचं तोंड फिरलं."

"हँडल?"

"नाही. अख्खी गाडी. स्टँडवरच. रोज थोडी थोडी फिरते. अंगणात स्टँडचा गोल ओरखडा पडला. आता दारव्ह्याकडं तोंड करून हाये."

मी म्हटलं, लेकरं फिरवत असतील.

"तांड्यातलं एकबी लेकरू आता आमच्या अंगणात येत नाही," ती म्हणाली.

मी फिटर माणूस. माझे वडील देवराव धम्मदीक्षेच्या वेळी नागपूरला पायी गेलेले. कोणी सांगितलं म्हणून मानू नको, स्वतः पाहून घे, हे त्यांनी आम्हाला भाकरीबरोबर दिलं. तेव्हा मी पाहून घ्यायचं ठरवलं. दोन दिवसांनी वणीला फेरी होती. वणीहून तिला फोन केला, मी कुठं आहे ते न सांगता. गाडीचं तोंड कोणीकडं आहे, विचारलं. ती बाहेर जाऊन पाहून आली. "उगवतीकडं," म्हणाली. वणी तिथून उगवतीलाच आहे.

त्यानंतर पुसदला गेलो. तिथून फोन करून मी सरळ खोटं बोललो. "घरीच हाये मी, दारव्ह्याले. पाहा बरं."

ती पाहून आली.

"भाऊ, तुम्ही पुसदकडं हा. खोटं कायले बोलता माह्याशी?"

फोन ठेवून मी वळलो. पिकअप रस्त्याच्या पलीकडं उभी होती. केबिन रिकामी. डाव्या बाजूची सीट खाली दबलेली होती. पण ती जुनी सीट आहे, स्प्रिंगा गेलेल्या आहेत. ती आधीपासून तशी होती की नव्हती, हे मला आठवेना. इतकी वर्षं त्या गाडीत बसलो आणि मला ते आठवेना.

त्या आठवड्यात आणखी एक झालं. आमच्या गल्लीतले भीमसिंग मास्तर आर्णीला यायला निघाले, माझ्याबरोबर पुढं बसले. दोन किलोमीटरवर म्हणाले, उतरतो, एसटीनं येतो. काय झालं विचारलं तर सांगेनात. शेवटी म्हणाले, "तुमच्या गाडीत दाटी वाटते, अश्वजित." आम्ही दोघंच होतो.

रात्री झोप लागेनाशी झाली. दीपमालाला सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "कोणाचं माणूस असंन तर त्याच्या घरी नेऊन सोडा. आपल्याकडं काहून ठेवता?"

मी तेच बबिताला फोनवर सांगितलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "रविवारी घेऊन या. म्या सारवून ठेवतो."

रविवारी सकाळी आठला निघालो. ट्रॉली जोडली नाही. हौदा रिकामा होता. डावीकडची सीट मी फडक्यानं पुसली. का पुसली ते सांगता येणार नाही. बाहेर थंडी होती तरी डावी काच खाली ठेवली. रस्त्यात मी एकदाही तिकडं पाहिलं नाही. गिअर टाकताना मात्र हात आखडता घ्यावा लागत होता. कोणाला धक्का लागू नये म्हणून आपण घेतो तसा.

एकदा मी बोललोही. "घर आलं जवळ," असं म्हणालो. माझाच आवाज ऐकून मी दचकलो.

अंगण ताजं सारवलेलं होतं. बबिता नवं लुगडं नेसून दारात उभी. रूपसिंगबाबा भिंतीला टेकून बसले होते. आठ-दहा दिवसांत ते खंगले होते. मोटारसायकलवर त्यांनी मोठी ताडपत्री टाकून कडेनं दगड रचले होते, ती दिसू नये म्हणून. ताडपत्रीखाली तिचं तोंड कोणीकडं होतं, ते मला दिसलं नाही. पाहायचंही नव्हतं.

मी इंजिन बंद केलं.

बबिता डाव्या बाजूला आली. तिनं दार उघडलं आणि दार धरून उभी राहिली.

"उतरा," ती म्हणाली.

काही झालं नाही.

"कोणी काही म्हणणार नाही. बाबाबी म्हणणार नाहीत. उतरा."

म्हाताऱ्यानं तोंडावर पागोट्याचं टोक धरलं.

मग पिकअप डाव्या अंगानं वर आली. सावकाश. दोन बोटं. जड माणूस पाय खाली टेकवून उतरतो, तेव्हा येते तशी.

मी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून ठेवलं होतं.

बबितानं दार लावलं नाही. ती वळून घराकडं चालायला लागली. हळूहळू, मधेच थांबत. फार दिवस अंथरुणाला खिळलेल्या माणसाला पुढं राहून वाट दाखवावी तशी. उंबऱ्याशी बाजूला झाली, आत जाऊ दिलं आणि मग स्वतः आत गेली.

मी हात लांब करून दार ओढून घेतलं. परत येताना गाडी हलकी लागत होती. दारव्ह्याच्या वेशीपर्यंत मी मोठ्यानं काहीतरी गुणगुणत होतो. त्या रात्री पहिल्यांदा सलग झोपलो. दीपमालानंही मला काही विचारलं नाही. एक काम होतं, ते झालं, असं आम्ही धरून चाललो.

आठव्या दिवशी भरदुपारी फोन वाजला. मी जेवत होतो.

"भाऊ, बबिता बोलतो."

"कसे हायेत?"

"बोलत नाहीत. पण हायेत." तिचा आवाज दमलेला होता. "ताट वाढतो, तसंच राह्यते. पण उचलाले जातो तवा घोंगडी दबलेली असते. बाबा घरात झोपत नाहीत आता. वावरात झोपडीत राह्यतेत."

"इचारलं तुम्ही? ते जे इचारायचं होतं?"

"रोज इचारतो."

मी ताट बाजूला सारलं.

"एक सांगू का, भाऊ? आज सकाळी म्या ताडपत्री काढली."

"मंग?"

"गाडीचं तोंड दारव्ह्याकडंच हाये."

खिडकीतून मला पिकअप दिसत होती. चिंचेच्या सावलीत, दारं बंद, जशी काल उभी केली होती तशी. मग त्या रविवारी तिच्यातून उतरलं होतं ते कोण?

"भाऊ," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्ही घरीच हा ना आता?"

"हो."

"खरं सांगा."

"घरीच हाये, वहिनी."

तिनं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. मग तिच्या मागं, घरात कुठंतरी, खाटेची दोरी कुरकुरली. बराच वेळ बसून राहिलेलं कोणीतरी उठावं तशी.